रॉकी नक्की कोणाचा?

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात सिंहगड रोडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांच्या शेजारी सत्तरीकडे झुकलेले काका-काकू राहतात, काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि त्यांच्याकडे एक लॅब्राडोर आहे, त्याला आपण रॉकी म्हणू. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांच्या मुलाने हौसेने आणलेला. पुढे मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि तेव्हापासून रॉकीचा मुक्काम ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, आखूड साखळीला. ताईंच्या किचनच्या खिडकीतून तो सरळ दिसतो. दोन वेळा दूधपोळी मिळते पण फिरवणं जवळजवळ बंद, पाण्याचं पातेलं बऱ्याचदा उलटं पडलेलं, बाल्कनी पश्चिमेची, आणि सध्या एप्रिलच्या दुपारी तो तास तासभर रडतो. ताईंचं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळ्यांना तो ऐकू येतो. सातवीतली मुलगी खिडकीतून पारले-जी टाकते आणि रोज विचारते की आई आपण काहीच का करत नाही. मिस्टर म्हणतात दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, खायला मिळतंय ना त्याला. एकदा ताईंनी धीर करून काकूंना म्हटलं "अहो काकू, त्याला ऊन लागतं हो", तर काकू म्हणाल्या "मग तुम्हीच न्या" आणि दार लावून घेतलं. आता ताई विचारतायत की व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकू, पोलिसात जाऊ, एखाद्या संस्थेला बोलवू की एक दिवस सरळ त्याला सोडवून आणू. शेवटी त्यांनी लिहिलंय, "अशा निर्दयी लोकांना कुत्रा पाळायचा हक्कच काय?"

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुमचं नाहीच, काकूंचं आहे. "मग तुम्हीच न्या." तुम्हाला त्यात उद्धटपणा दिसला, दिसणारच, तोंडावर दार लावल्यावर आणखी काय दिसणार. पण मी ते दोन-तीनदा वाचलं आणि मला त्यात एक वैतागलेली, दमलेली बाई दिसते जिच्या गळ्यात तीस किलोचं जनावर पडलंय आणि जिला कोणी कधी विचारलंच नव्हतं की बाई तुला कुत्रा हवाय का. ज्याने कुत्रा आणायचा ठरवलं तो जर्मनीत आहे. ज्यांनी ठरवलं नव्हतं त्यातल्या एकाचा गुडघा बदललाय, आणि दुसरीने त्याला खाली न्यायचं म्हटलं आणि त्याने जिन्यात मांजर बघून पट्टा ओढला तर काय होईल ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घरच आडवं होतं.

म्हणून "निर्दयी" हा शब्द जरा बाजूला ठेवूया. काकूंची बाजू घ्यायची म्हणून नाही सांगत. लोक निर्दयी आहेत असं एकदा धरून चाललं की पुढचे सगळे रस्ते भांडणाचेच सुचतात, आणि तुम्ही दिलेले चारही पर्याय बघा, चारही भांडणाचेच आहेत. पुण्यात गेल्या चार-पाच वर्षांत मला या प्रकारची जेवढी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट आहे. लॉकडाउनमध्ये पोरांनी लॅब आणला, हस्की आणला, गोल्डन आणला, मग ऑफिसं सुरू झाली, बंगळुरूची नोकरी लागली, एमएस ला गेली, लग्न झालं, आणि कुत्रा आईवडिलांकडे राहिला. तेव्हा पहिला प्रश्न हा की रॉकी नक्की कोणाचा आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही काकूंना कितीही बोललात तरी चुकीच्या दारावर टकटक करताय.

पण हे सगळं शोधेपर्यंत दुपारचे चार वाजतात आणि पश्चिमेचं ऊन त्या बाल्कनीत शिरतं. ते आधी.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला टेकतो. ड्राय बाल्कनी म्हणजे तीन बाजूंनी भिंत, खाली टाइल, वर कोणाचा तरी गीझर नाहीतर एसीचा आउटडोअर, आणि चालू असलं तर मशीनचा ताप वेगळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना येतो तेवढाच, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हवा खेळती नसेल तर धाप टाकून पण उपयोग होत नाही. पाणी किती लागतं म्हणाल तर साधारण किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे तीस किलोच्या लॅबला दिवसाला दीड लिटरच्या वर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आता ते उलटं पडलेलं पातेलं आठवा. किती मावतं त्यात? आणि साखळी आखूड असली की वळताना ती पातेल्याला लागते आणि पाणी सांडतं, यात काकूंचा दुष्टपणा नाही, त्या सकाळी भरतात आणि अकराला ते उलटं होतं, एवढंच होत असणार.

यावर उपाय अगदी साधा आहे. कुंडीवाल्याकडे किंवा नर्सरीत पक्ष्यांच्या पाण्यासाठी सिमेंटचं जड पसरट भांडं मिळतं, कुत्र्याला ते उलटवता येत नाही. ते एक घ्या आणि काकूंच्या हातात द्या. उपदेश करू नका, फक्त "आमच्याकडे दोन आली होती" म्हणा, खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. सोबत थोडी ग्रीन नेट, ती ग्रिलला बांधायला तुमचे मिस्टर चालतील, नाक खुपसायचं नसलं तरी हात लावायला हरकत नाही त्यांची. एक भिजवलेलं गोणपाट खाली टाकलं की टाइलचा चटका कमी होतो. या तीन वस्तूंना मिळून हॉटेलात एका जेवणाला लागतात तेवढे पैसेसुद्धा लागणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे यातल्या एकाही गोष्टीत काकूंना "तुम्ही चुकताय" असं ऐकावं लागत नाही.

आणि हे मात्र तुम्ही, तुमच्या मिस्टरांनी आणि मुलीनेही लक्षात ठेवा. तो नुसता धापा टाकतोय आणि थांबतच नाही, लाळ चिकट दाट झालीय, हिरड्या लालभडक दिसतायत, उलटी केली, उभं राहताना झोकांड्या जातायत, असं दिसलं तर त्याला ऊन लागलंय. तेव्हा शेजारधर्म, मान-अपमान काही बघायचं नाही, बेल दाबायची आणि सांगायचं काकू आत्ता आत घ्या त्याला. सावलीत आणून अंगावर नळाचं साधं पाणी ओतत राहायचं, फॅन लावायचा, पाणी प्यायला समोर ठेवायचं पण बळजबरीने तोंडात ओतायचं नाही. आधी गार करायचं आणि मग गाडीत घालून डॉक्टरकडे. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, ३८-३९ डिग्री, पण ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात, तिथे तासाभराचा उशीरही महाग पडतो.

आता मिस्टरांचा मुद्दा, की खायला मिळतंय ना. हे बऱ्याच लोकांना वाटतं. हाडं दिसत असतील तरच हाल, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. उलट बांधून ठेवलेले लॅब बरेचदा लठ्ठ असतात, कारण हालचाल शून्य आणि दूधपोळी दोन वेळा, वर खिडकीतून बिस्किटं. तुम्ही किचनमधून बघताच आहात तर जरा नीट बघा. नखं बघा. रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची नखं डांबरावर आपोआप झिजतात, बांधलेल्याची वाढून खाली वळतात आणि तो टाइलवर चालला की टक टक आवाज येतो. पुढच्या पायांच्या कोपरावर केस जाऊन काळपट घट्टा पडलाय का बघा, तो कायम फरशीवर पडून राहिल्याने येतो. कान सारखे झटकतोय का? कानाच्या घडीत मिरीएवढे करडे दाणे दिसतायत का? ते गोचीड. गोचीड म्हणजे नुसती खाज नाही, त्यातून टिक फिव्हर होतो आणि पुण्यातल्या कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा, वर्षभर त्याचे पेशंट असतात. खाणं सोडलं, गुमसुम झाला, नाकातून रक्त आलं तर थांबायचं नाही. एकाच जागी गोल गोल फिरतो किंवा पंजा चाटून चाटून लाल केलाय, असं असेल तर ते डोकं कंटाळून गेल्याची खूण आहे. लॅब ही जात मुळात शिकारीतले पक्षी पाण्यातून काढून आणायला तयार झालेली, दिवसभर धावायची. त्याला तीन बाय सहाच्या जागेत मशीनचं फिरणं बघत बसायला लावलंय. रडणार नाहीतर काय करेल.

हे सगळं बघून तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. "आज दुपारी दोन ते पाच पाणी नव्हतं", "डाव्या कानाला गोचीड", असं. कशासाठी ते पुढे सांगते.

पण त्याआधी एक प्रश्न तुम्हाला, राग मानू नका. तुम्हाला त्याची दया येते की त्याच्या रडण्याचा त्रास होतो? दोन्ही असू शकतं आणि दोन्ही खरंच आहे, मीटिंगमध्ये मागे कुत्रा रडत असेल तर कोणाचंही डोकं उठेल. फक्त ते स्वतःशी वेगळं करून ठेवा. कारण त्रास हाच मुद्दा असेल तर रॉकीला आतल्या बेडरूममध्ये नेऊन कोंडलं तरी तुमचा प्रश्न मिटतो आणि त्याचा आणखी बिकट होतो. आणि काकूंशी बोलताना "आम्हाला फार आवाज येतो" असं तोंडातून निघालं की त्या नेमकं तेच करतील. म्हणून आवाजाचा विषय काढूच नका. निदान पहिल्यांदा तरी.

बोलायचं कसं, तर दारात उभं राहून नाही. दारात उभं राहून बोललं की ती तक्रारच होते, भले तुम्ही कितीही गोड बोला. आत जाऊन बसा, काकांच्या गुडघ्याची चौकशी करा, चहा घ्या, आणि मग विचारा, "काकू, रॉकीचं फार होतं का हो तुम्हाला?" बस, एवढं विचारून गप्प बसा. मला जवळजवळ खात्री आहे की त्या स्वतःच सगळं बाहेर काढतील, मुलगा कसा म्हणाला होता सहा महिन्यात सोय करतो, फोन केला की विषय कसा बदलतो, याच्या केसांनी काकांना खोकला कसा होतो, सून येईल तेव्हा येईल. ऐका. मध्ये "पण त्याचा काय दोष" असं म्हणू नका, त्याचा दोष नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, म्हणून तर त्या दार लावून घेतात.

आणि मग मुलाचा नंबर मागा. आपल्याकडे लोक इथेच अडखळतात. परक्याच्या मुलाला जर्मनीत फोन करून काय सांगायचं, आईवडिलांना काय वाटेल. काकूंच्या समोर, त्यांच्या परवानगीने करा म्हणजे वाटायचं काही राहत नाही. महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याला लायसन्स घ्यावं लागतं आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, तर सहज विचारा की रॉकीचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे, यंदाची लस झालीय का. लायसन्स असलंच तर मुलाच्याच नावावर निघायची शक्यता जास्त, आणि नसलं तर तोही बोलायला विषय झाला. मुलाला व्हिडिओ पाठवा, हो, तोच व्हिडिओ जो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकणार होता, तो फक्त त्याला पाठवा. खाली लिहा की आईबाबांना हे झेपत नाहीये, तुला दोन गोष्टींपैकी एक करावी लागेल, रोज फिरवायला माणूस लावून त्याचे पैसे तिकडून द्यायचे, किंवा त्याला दुसरं चांगलं घर शोधायला लेखी परवानगी द्यायची. आणि तारीख द्या. "बघतो" हे उत्तर घ्यायचं नाही. पंधरा दिवस पुरेत.

फिरवायला माणूस म्हणजे डॉग वॉकर, सिंहगड रोड, कोथरूड, बाणेर सगळीकडे मिळतात, महिन्याचे पैसे घेतात, आणि युरोपात पार्टटाइम कमावणाऱ्या मुलाला ते जड जाऊ नयेत. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर थंड झाल्यावर, अर्धा अर्धा तास जरी फिरला तरी आठवड्याभरात त्याचं दुपारचं रडणं कमी झालेलं तुम्हाला कळेल. डांबर गरम आहे का बघायला हाताचा तळवा पाच सेकंद टेकवून बघायचा, आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. फक्त सोसायटीतल्या एखाद्या नववी-दहावीच्या पोराला शंभर रुपये देऊन हे काम लावू नका, इतके महिने बांधलेला लॅब पहिल्या दिवशी सुटला की पोराला घेऊन जाईल फरफटत.

तुम्ही स्वतः फिरवाल का? मुलगी तयार होईल, मला माहितीये. पण हे नीट ठरवून करा. आठ दिवस उत्साहाने न्यायचं आणि मग परीक्षा आली, पाहुणे आले, पाऊस आला म्हणून बंद करायचं, यात त्याचे हाल वाढतात, तो रोज सहा वाजता तुमच्या दाराकडे बघत बसेल. आठवड्यातून दोनच दिवस जमणार असेल तर दोनच दिवस सांगा आणि ते पाळा. घरात ठेवून घ्यायची तयारी असेल, आणि नुसत्या मुलीची नाही तर मिस्टरांचीही, तर काकूंचं "तुम्हीच न्या" हे वाक्य हातात आहेच तुमच्या. फक्त मग ते तोंडी ठेवू नका, मुलाकडून मेसेजवर, काकांच्या सहीने साध्या कागदावर, लसीच्या कार्डासकट घ्या. उद्या मुलगा परत आला आणि माझा कुत्रा द्या म्हणाला तर? असं होतं. कुत्रा नको असतो पण आपला म्हणायला हवा असतो.

दुसरं घर शोधायची वेळ आली तर घाई करू नका. पाच वर्षांच्या लॅबला घर मिळतं, लॅबला मिळतंच, पण कोणाकडे जातोय ते बघा. दोन प्रकारच्या लोकांना मी सरळ नाही म्हणेन. एक, "आमचं पानशेतला फार्महाऊस आहे, मोकळा राहील". नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अंदाजाने हं, तो तिथे गेटला बांधला जातो आणि आठवड्यातून एकदा मालक येतो, म्हणजे ड्राय बाल्कनी जाऊन पत्र्याची शेड आली. दुसरा, जो पहिल्या फोनवरच विचारतो की कुत्रा नर आहे ना, पेपर्स आहेत का, नसबंदी नाही ना झालेली. त्याला ब्रीडिंगला हवाय. म्हणून शक्य असेल तर द्यायच्या आधीच नसबंदी करून घ्या, असली माणसं आपोआप गळतात. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, ब्लू क्रॉस आहे, आणखीही लहान संस्था आणि एकेकटे काम करणारे लोक आहेत. त्यांना फोन करून सल्ला जरूर घ्या पण "येऊन घेऊन जा" ही अपेक्षा ठेवू नका, त्यांच्याकडे गाडीखाली आलेली, किडे पडलेली जनावरं रांगेत असतात. दत्तक द्यायची पोस्ट फिरवायला ते मदत करू शकतात, आणि ती मदत मोठी असते.

आता तुमचे चार पर्याय. गुपचूप सोडवून आणणं, हे नाही म्हणजे नाही. कायद्याच्या दृष्टीने पाळलेला कुत्रा ही मालकाच्या ताब्यातली वस्तू धरली जाते, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी चोरीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते आणि मग सगळी चर्चा तुमच्याबद्दल होते, रॉकी बाजूला. साखळी सोडून नुसतं मोकळं करायचा विचार मनात असेल तर तो त्याहून वाईट, घरात वाढलेला लॅब रस्त्यावर पहिल्याच गल्लीत दुसऱ्या कुत्र्यांकडून फाडला जातो नाहीतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जातो.

इन्स्टाग्रामचं म्हणाल तर मला तो मोह कळतो, दोन तासात लोक पेटतात आणि वाटतं काहीतरी झालं. पण विचार करा, व्हिडिओत बाल्कनी दिसते, बाल्कनीवरून बिल्डिंग कळते, संध्याकाळपर्यंत कोणीतरी काकूंना फोन करून शिव्या घालतं. घाबरलेला माणूस काय करतो? कुत्रा नाहीसा करतो. रात्री गाडीत घालून खडकवासल्याच्या पुढे कुठेतरी सोडून येतो, आणि विचारलं की "नातेवाइकांकडे दिला" सांगतो. तुमच्या पोस्टची किंमत रॉकी मोजतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच, तिथे तर विषय अर्ध्या तासात "कुत्रे नकोतच सोसायटीत" वर जातो आणि ज्यांनी आपले कुत्रे नीट सांभाळलेत त्यांच्यावर गदा येते. तशी सोसायटीला कुत्रे पाळायला बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्याबद्दल स्पष्ट आहेत, पण कमिटीतल्या माणसांना हे समजावत बसण्यात तुमचे सहा महिने जातील.

राहता राहिली पोलिसातली तक्रार. ती करायचीच नाही असं मी म्हणत नाही, वेळ आली तर करायचीच, पण तिची ताकद किती हे माहीत असू दे. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी नावानिशी आहेत. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तेही, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, सोडून देणं. तुमच्या मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवा, न फिरवणं हासुद्धा गुन्हा आहे. पण शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत हल्ली मिसळ पण येत नाही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय हे गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलीस सहसा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि समज देतात. दोषी ठरवल्यावर कोर्ट जनावर मालकाकडून काढून घेऊ शकतं, कलम २९ आहे त्यासाठी, पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील ते तुम्ही जाणता. जिवे मारणं, विष घालणं, पाय मोडणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्याकडे तसं काही नाही.

म्हणजे तक्रारीचा खरा उपयोग दंडाचा नाही, दबावाचा आहे. मुलाने पंधरा दिवसांत काही केलं नाही, काकूंनी भांडंही परत पाठवलं, आणि रॉकीची तब्येत खालावताना दिसतेय, तर ती वही, तारखेचे फोटो आणि मुलाशी झालेले मेसेज घेऊन आधी प्राण्यांच्या संस्थेकडे जा आणि त्यांच्या माणसाला सोबत घेऊन मग चौकीत. एकट्या शेजारणीने केलेली तक्रार पोलिसांना शेजाऱ्यांचं भांडण वाटते, वहीसकट आणि संस्थेच्या माणसासकट गेलं की ती तक्रार वाटते. आणि त्या टप्प्यावर संबंध बिघडतील याची तयारी ठेवा, मिस्टरांशी आधी बोलून ठेवा, कारण बिघडतीलच. एक सांगू का, संबंध आत्ता तरी कुठे चांगले आहेत? दार लावून घेतलंच आहे त्यांनी. मिस्टर ज्याला जपतायत ते नुसतं लिफ्टमधलं "काय, बरंय ना" आहे.

ज्यांच्या शेजारी काका-काकू नसून खरंच माजोरडे लोक आहेत, जे जनावराला मारतात किंवा मुद्दाम उपाशी ठेवतात, त्यांनी यातला चहाचा भाग गाळून सरळ वहीपासून सुरुवात करावी.

आता मुलीचं. तिला गप्प बस म्हणू नका, पण पारले-जी बंद करा, त्यात साखर आणि मैदा आणि रॉकीला आधीच हालचाल नाही. घरातलं उरलेलं पण ग्रिलमधून टाकायचं नाही, शिजवलेली हाडं घशात-आतड्यात रुततात, कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे तर कुत्र्याला विषच. द्यायचंच तर काकूंना सांगून काकडीचे किंवा गाजराचे तुकडे, लॅब ते आवडीने खातात. ग्रिलमधून हात घालून त्याला गोंजारायला जाऊ नको म्हणावं, ओळखीचा असला तरी, बांधून ठेवलेला कुत्रा घाबरला की आधी चावतो. यंदाची लस झालीय की नाही हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा दात लागलाच, नुसता ओरखडा आला तरी, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात, सरकारी दवाखान्यातही इंजेक्शन मिळतं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

आणि ती रोज जे विचारते त्याचं उत्तर म्हणून वहीचं काम तिच्याकडे द्या, पाण्याची वेळ आणि कानाची तपासणी ती तुमच्यापेक्षा नेमकी लिहील. काकूंकडे जाल तेव्हा तिलाही घेऊन जा, सिमेंटचं भांडं तिच्या हातात द्या. शाळकरी पोरीच्या तोंडावर दार लावणं काकूंना जड जाईल.